मांडवातले फोन

अखंड हरिनाम सप्ताहात रात्रीचं कीर्तन नऊच्या सुमारास उभं राहतं. त्याआधी अर्धा-पाऊण तास मांडवात आणखी एक तयारी चाललेली असते. व्यासपीठासमोर, बायकांच्या आणि पुरुषांच्या बैठकीमधल्या मोकळ्या पट्टीत, तीन-चार ट्रायपॉड उभे राहतात. प्रत्येकावर एक फोन, फोनला लोंबकळणारी पॉवर बँक, शेजारी हॉटस्पॉट देणारा दुसरा फोन आणि त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम. ही पोरं एकमेकांना ओळखतात, चहा एकत्र घेतात. पण साऊंडवाल्याजवळ गेली की त्यांच्यातली चुरस दिसते. मिक्सरमधून बाहेर निघणारी आवाजाची वायर ज्याला मिळेल, त्याच्या प्रक्षेपणात महाराजांचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येणार. बाकीच्यांना कर्ण्यांतून घुमणारा आवाज फोनच्या माइकवर पकडावा लागणार. घरी बसलेला माणूस चित्र अंधूक असलं तर चालवून घेतो. आवाज फाटला की मात्र दुसऱ्या चॅनेलवर जातो. त्या एका वायरीसाठी साऊंडवाल्याशी वर्षभर संबंध जपावे लागतात, कमिटीच्या अध्यक्षांना महिनाभर आधी गाठावं लागतं, आणि जमलं तर सप्ताहाच्या पत्रिकेवर ‘थेट प्रक्षेपण’ या शब्दांपुढे आपल्या चॅनेलचं नाव छापून घ्यावं लागतं.

थेट व्हिडिओ करणाऱ्यांची स्पर्धा म्हटलं की सहसा निळ्या-जांभळ्या दिव्यांच्या खोलीत, कानावर मोठे हेडफोन चढवून गेम खेळणारा शहरी तरुण डोळ्यांपुढे येतो. तोही या पुस्तकात आहे. पण पुस्तक सुरू होतं ते मांडवातून, आणि तो मांडव हिंगोली जिल्ह्यातला आहे.

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ. बाहेरच्यांना तो हळदीमुळे माहीत असतो: हिंगोलीचं संत नामदेव हळद मार्केट यार्ड, आणि २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद. पण या पुस्तकाच्या विषयासाठी जिल्ह्याची दुसरी ओळख जास्त कामाची आहे. कयाधूकाठचं नरसी हे परंपरेने संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, आणि वारकरी कीर्तनाची परंपरा सुरू होते ती नामदेवांपासून. तिथून जवळच औंढ्याचं नागनाथाचं देऊळ आहे. तिथली आख्यायिका मराठवाड्यात लहान मुलालाही ठाऊक असते. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. गाणारा आहे, ऐकणारे आहेत, पण दोघांमधली जागा तिसऱ्याच्या ताब्यात आहे. ती जागा कोणाकडे तोंड करणार? सातशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आज ट्रायपॉड लावणाऱ्या पोरासमोरही आहे. त्याच्या वाट्याची जागा एका कंपनीच्या सर्व्हरवर आहे आणि ती कधी, कोणाकडे, का फिरते हे त्याला कोणी सांगत नाही.

‘थेट’ या शब्दाचा अर्थ आधी नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी स्पर्धा त्यातूनच निघते. आधी चित्रित करून मग टाकलेला व्हिडिओ आज नाही तर उद्या बघता येतो. ‘चांडाळ चौकडीच्या करामती’चा भाग लोक पुन्हा पुन्हा पाहतात, मधुराज रेसिपीतली पुरणपोळी होळीला हटकून वर येते. अशा व्हिडिओंची स्पर्धा महिनोन् महिने चालते आणि त्यात एकाचं भलं झालं म्हणून दुसऱ्याचं वाईट होतंच असं नाही. थेट प्रक्षेपणाचं तसं नाही. संध्याकाळी आठ ते अकरा या तीन तासांत माणूस एकाच ठिकाणी बसू शकतो. तो इथे आहे म्हणजे तिथे नाही. त्यात पडद्याच्या कोपऱ्यात आत्ता या क्षणी किती जण बघतायत तो आकडा सतत दिसत असतो, प्रक्षेपण करणाऱ्यालाही आणि बघणाऱ्यालाही. आकडा चारशेवरून तीनशे साठवर आला की बोलणाऱ्याचा आवाज बदलतो. हा ताण रेडिओच्या निवेदकाला नव्हता, दूरदर्शनच्या निवेदकालाही नव्हता. तमाशाच्या फडावरच्या सोंगाड्याला मात्र होता. मागच्या रांगेतली माणसं उठून चालली की त्याला ते दिसायचं.

या माध्यमाचा जन्म अर्थात आपल्याकडचा नाही. १९९६ मध्ये जेनिफर रिंगली या अमेरिकी विद्यार्थिनीने आपल्या खोलीत कॅमेरा लावला आणि दर काही मिनिटांनी एक स्थिर चित्र इंटरनेटवर जाऊ लागलं. २००७ मध्ये जस्टिन कान याने टोपीवर कॅमेरा बांधून आपला अख्खा दिवस दाखवायला सुरुवात केली. त्याच्या जस्टिन डॉट टीव्ही या संकेतस्थळातून २०११ मध्ये खास गेमसाठी ट्विच निघालं आणि २०१४ मध्ये अॅमेझॉनने ते सुमारे ९७ कोटी डॉलरना घेतलं. पूर्वेकडे वाट वेगळी होती. दक्षिण कोरियात २००६ मध्ये सुरू झालेल्या आफ्रिका टीव्हीवर प्रेक्षक पैसे देऊन ‘तारांचे फुगे’ विकत घेत आणि आवडत्या माणसाकडे सोडत. चीनमध्ये अशा आभासी भेटवस्तूंचा उद्योग उभा राहिला आणि त्यातून दोन निर्माते एकाच पडद्यावर समोरासमोर येऊन ठरावीक मिनिटांत कोणाला जास्त भेटी मिळतात हे बघण्याची लढत रूढ झाली.

कोरियाचे फुगे आणि यूट्यूबने २०१७ मध्ये आणलेली सुपरचॅट, म्हणजे पैसे देऊन आपला संदेश ठळक करण्याची सोय, यांची कथा परदेशी पुस्तकांत नवलाने सांगितली जाते. मराठी वाचकाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. तमाशातली दौलतजादा म्हणजे हेच. प्रेक्षकाने पैसे पुढे करायचे, नाव आणि फर्माईश सांगायची, ते नाव सगळ्या फडासमोर पुकारलं जायचं. गावच्या सप्ताहात देणगीदारांची नावं माइकवरून वाचतात तेही याच जातीचं. चारचौघांत आपलं नाव घेतलं जावं, ही भूक जुनी आहे. फरक एवढाच की दौलतजादेतला वाटा फडमालकाशी समोरासमोर ठरायचा. सुपरचॅटमधले साधारण ३० टक्के यूट्यूब ठेवतं, ट्विचवर वर्गणीचा रूढ हिशेब निम्मा-निम्मा आहे, आणि २०२२ च्या अखेरीस आलेल्या किक या व्यासपीठाने केवळ ५ टक्के ठेवून निर्माते आपल्याकडे ओढायला सुरुवात केली. म्हणजे निर्माते प्रेक्षकांसाठी झगडतात आणि कंपन्या निर्मात्यांसाठी. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये निंजा या नावाजलेल्या खेळाडूला ट्विचवरून उचलून मिक्सर या आपल्या व्यासपीठावर आणलं, आणि वर्ष होण्याआधीच, जुलै २०२० मध्ये, मिक्सर बंद झालं. एकटा माणूस पुरत नाही, त्याच्याभोवतीची वस्ती लागते, हे त्या प्रकाराने दाखवून दिलं. स्पर्धा माणसाच्या शरीराला कुठवर नेते याचं उदाहरण म्हणजे २०२१ मधलं लुडविग अहग्रेन या निर्मात्याचं प्रक्षेपण: नवा वर्गणीदार आला की घड्याळात सेकंद वाढायचे, ते वाढत वाढत ३१ दिवस चाललं, झोपेसकट.

आपल्याकडे हे सगळं एका तारखेनंतर शक्य झालं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षी फेसबुकने लाईव्ह सर्वांना खुलं केलं होतं. यूट्यूबने फोनवरून थेट जाण्याची सोय २०१७ मध्ये दिली तेव्हा १०,००० सदस्यांची अट होती. ती पुढे १,००० वर आणि नंतर ५० वर आली. ५० सदस्य म्हणजे भावकी आणि वर्गमित्र. सेनगावच्या पोराला या जगात शिरायला आता दुसऱ्या कोणाच्या परवानगीची गरज उरली नाही.

मराठी मुलखात या क्षेत्राचे ठळक चार प्रवाह दिसतात, आणि सगळ्यांवर सारखं बोलण्याची गरज नाही.

पहिला गेमचा, सर्वांत जास्त गाजलेला. मुंबईचा आदी सावंत म्हणजे डायनॅमो आणि नवी मुंबईशी जोडलेला नमन माथुर म्हणजे मॉर्टल, ही नावं मराठवाड्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. मॉर्टलच्या टीम सोलने २०१९ ची पबजी मोबाईल इंडिया सिरीज जिंकली. पुढे एसएटयूएल ही संस्था उभी राहिली आणि गेम खेळणं हे सांघिक, पगारी काम झालं. पण या प्रवाहाचा पाया किती कच्चा आहे ते सरकारी आदेशांच्या तारखांवरून कळतं. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईल बंद. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावाने तोच खेळ परत. जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, आणि अनेक निर्मात्यांना जाहिराती देणाऱ्या कंपन्यांचा धंदाच थांबला. ज्याचं घर या प्रक्षेपणावर चालतं, त्याने दर वेळी नव्याने उभं राहायचं.

याच प्रवाहातली आणखी एक गोष्ट भाषेची. सावंत आडनावाचा मुंबईचा मुलगा लाखोंशी बोलतो ते हिंदीत. याचा दोष त्याला देता येत नाही. गेमला गाव नसतं, आणि जिथे गाव नसतं तिथे प्रेक्षक जास्त असलेली भाषा जिंकते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सार्थ आहे. पण रात्री दहा वाजता हिंगोलीतला पंधरा वर्षांचा मुलगा चॅटमध्ये कोणत्या भाषेत लिहितो, हा प्रश्न त्या दर्जाने सुटत नाही.

दुसरा प्रवाह गप्पांचा आणि लढतींचा. त्याला २९ जून २०२० च्या आदेशाने मोठी खीळ बसली. टिकटॉकसोबत बिगो लाईव्ह आणि लाईकीही बंदी घातलेल्या ५९ अॅपांच्या यादीत होते. एका रात्रीत हजारो ग्रामीण पोरापोरींचे प्रेक्षक नाहीसे झाले. काही पुन्हा उभे राहिले: बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण टिकटॉकवरून उठला, बंदीनंतर दुसऱ्या माध्यमांवर टिकला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बिग बॉस मराठीचा विजेता झाला. पण त्याच्यासारखा एखादाच.

तिसरा प्रवाह विक्रीचा. दुपारी दोन-अडीचला, घरचं आवरून बायका जरा टेकतात तेव्हा, साडीवाल्या ताई लाईव्ह येतात. साडी उलगडून पदर कॅमेऱ्याजवळ धरायचा, काठ दाखवायचा, ब्लाऊजपीस आहे का ते सांगायचं, नंबर पुकारायचा. हवी असेल तिने स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. एकच साडी, पहिला स्क्रीनशॉट जिचा तिची. इथली स्पर्धा फार कठोर आहे, कारण माल बहुतेकींचा सारखाच असतो. गिऱ्हाईक टिकतं ते ‘मागच्या वेळची पैठणी बहिणीला आवडली का हो’ असं नाव घेऊन विचारण्यावर. या प्रवाहावर मराठीत जवळजवळ काहीच लिहिलं गेलेलं नाही, आणि त्यात गुंतलेल्या बायकांची संख्या बघता ही मोठी उणीव आहे.

चौथा प्रवाह फडाचा. पुस्तकाचा जीव तिथे आहे. कीर्तन, भजन, कुस्ती, बैलांची शर्यत, मोर्चा, सभा, बाजारातला लिलाव: जे कुठेतरी घडतंच आहे, त्यासमोर फोन धरणाऱ्यांचा हा प्रवाह. इथे निर्मात्याचा चेहरा बहुतेक वेळा दिसतच नाही. तो दुसऱ्याचा प्रसंग दाखवतो. आणि इथेच मराठी टिकून आहे, कारण प्रसंग मराठी आहे. सिंधुदुर्गातल्या डबलबारी भजनाचं प्रक्षेपण हिंदीत करून चालणार नाही. समोरच्या बुवाने टाकलेला प्रश्न आणि त्याला मिळालेलं उत्तर समजणारा माणूसच ते बघतो, मग तो कणकवलीत असो की मुंबईतल्या चाळीत.

डबलबारीचं नाव निघालं ते बरं झालं, कारण स्पर्धा हा या मुलखातल्या कलांचा जुना स्वभाव आहे. कलगी-तुऱ्यात तुरेवाले शिवाची बाजू घेणार, कलगीवाले शक्तीची, आणि रात्रभर सवाल-जवाब चालणार. भेदिक शाहिरीत उत्तर आलं नाही की डफ खाली ठेवावा लागे. विदर्भात, अगदी हिंगोलीलगतच्या वाशीम-यवतमाळ पट्ट्यातही, शंकरपट भरतो. तिथे बैलजोडी घड्याळाविरुद्ध धावते आणि सेकंदाच्या अंशावर निकाल लागतो. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर या शर्यती थांबल्या होत्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. सात-आठ वर्षांनी शर्यती परतल्या तेव्हा मैदानाच्या कडेने फोन आणि ड्रोन उभे होते. या सगळ्या जुन्या स्पर्धांत एक गोष्ट समान आहे. पंच समोर बसलेला असतो. त्याने अन्याय केला तर त्याच्याशी भांडता येतं, गाव साक्षीला असतं, पुढच्या वर्षी दुसरा पंच मागता येतो.

फोनवरच्या फडाला पंच आहे, पण तो दिसत नाही. कोणाचं प्रक्षेपण कोणाच्या पडद्यावर वर येईल हे यंत्र ठरवतं आणि त्याचे नियम न सांगता बदलतात. म्हणून पोरं अंदाज बांधत राहतात: शीर्षकात महाराजांचं नाव आधी टाकलं तर चालतं, सुरुवातीला दहा मिनिटं लवकर लाईव्ह गेलं तर चालतं, मध्ये नेट तुटलं की सगळं मुसळ केरात. त्यातल्या बऱ्याच समजुती खऱ्या की खोट्या ते तपासायला त्यांच्याकडे साधन नाही. पुस्तकाचं मुख्य म्हणणं याच ठिकाणी आहे. स्पर्धा वाईट नाही, ती या मातीत मुरलेली आहे; पण तिचे नियम खेळणाऱ्यांना माहीत असायला हवेत.

दुसरा पेच मालकीचा. चार चॅनेलांनी एकच कीर्तन दाखवलं तर ते कोणाचं? ज्याने आधी टाकलं तो दुसऱ्यावर कॉपीराइटचा दावा ठोकतो; ९० दिवसांत तीन स्ट्राईक पडले की चॅनेल जातं, आणि वर्षानुवर्षांचं काम त्याच्यासोबत जातं. ज्याच्या तोंडून शब्द निघाले तो कीर्तनकार या भांडणात कुठेच नसतो. निवृत्ती महाराज इंदुरीकरांनी आपल्या कीर्तनांच्या क्लिपांवर कमाई करणाऱ्यांविषयी जाहीर नाराजी बोलून दाखवली आहे. त्यांच्या मतांशी कोणाचे कितीही मतभेद असोत, हा मुद्दा मात्र रास्त आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क आला, आणि सादरकर्त्याच्या व्याख्येत गायक-नटांबरोबर व्याख्यान देणारा माणूसही आहे. कीर्तनकार, भजनी बुवा, शाहीर यांना हे कोणी समजावून सांगितलेलं नाही. सप्ताह कमिटीने वर्गणीतून मांडव घातला, तिचं काय? लेखकाने हा गुंता सोडवल्याचा आव आणलेला नाही, पण त्याचे धागे वेगवेगळे करून दाखवले आहेत, आणि कमिट्यांनी चॅनेलवाल्यांशी साधा लेखी करार करावा ही त्याची सूचना उद्यापासून अमलात आणण्याजोगी आहे.

फडाचा प्रवाह केवळ भक्तीचा आणि करमणुकीचा नाही. २०२३ च्या हिवाळ्यात मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर हिंगोलीत दोन्ही बाजूंच्या मोठ्या सभा झाल्या: रामलीला मैदानावर ओबीसींची एल्गार सभा, आणि डिग्रस कऱ्हाळे इथे मनोज जरांगे पाटलांची. वृत्तवाहिन्यांच्या गाड्यांबरोबर गावोगावचे फोनवाले हात वर करून उभे होते. मोठ्या सभेत टॉवरवर ताण येऊन नेट बसतं हे या पोरांना अनुभवाने माहीत असतं. जो बातमी आधी देतो त्याचा आकडा वाढतो; आणि आधी देण्याच्या घाईत अफवा सुटली तर गावातली माणसं एकमेकांकडे बघायची थांबतात. त्याच वर्षी जालना-बीड भागात काही काळ इंटरनेट बंद करावं लागलं होतं, हे विसरून चालणार नाही.

शेतीतही तेच. शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख हवामानाचे अंदाज सांगतात. त्यांची लोकप्रियता एवढी की त्यांच्या नावाचे अंदाज असंख्य चॅनेलांवरून फिरतात. जुना व्हिडिओ नव्या तारखेने पुढे ढकलला जातो. हळद शिजवून वाळत घातलेल्या शेतकऱ्यासाठी उद्या पाऊस आहे की नाही हा लाखभर रुपयांचा प्रश्न असतो. हळद यार्डातून बीट चालू असताना थेट भाव दाखवणारा पोरगा मात्र खरी सेवा करतो. घरी बसलेल्याला आज गाडी भरायची की थांबायचं ते कळतं. एकाच माध्यमाच्या या दोन बाजू एकाच तालुक्यात, एकाच दिवशी दिसतात.

जगात या विषयाचा अभ्यास बऱ्यापैकी झाला आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच दूरचित्रवाणीवरच्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी नातं कसं जुळतं ते मांडलं होतं, टी. एल. टेलर यांचं ट्विचवरचं ‘वॉच मी प्ले’ २०१८ मध्ये आलं. पण हा बहुतेक अभ्यास गेमचा, शहरांचा आणि इंग्रजीचा आहे. सप्ताहातलं प्रक्षेपण त्याच्या चौकटीत बसत नाही. तिथे नातं एकतर्फी नसतं. प्रक्षेपण करणारा आणि बघणारा बऱ्याचदा एकाच पंचक्रोशीतले असतात. उद्या बसस्टँडवर गाठ पडणार असते.

या पुस्तकाने ती उणीव काही अंशी भरून काढायचं ठरवलं आहे. ते यशाच्या युक्त्या सांगणारं पुस्तक नाही, आणि ‘मोबाईलने पिढी बिघडली’ असा सूर लावणारंही नाही. प्रक्षेपण करणारे, साऊंडवाले, कमिटीवाले, कीर्तनकार आणि घरी बसून बघणारे, या सगळ्यांच्या बाजूने तोच मांडव पुन्हा पुन्हा पाहण्याची त्याची रीत आहे. आत्ता ते येणं गरजेचं होतं. जुलै २०२५ मध्ये यूट्यूबने एकट्याने थेट प्रक्षेपण करण्याचं किमान वय १६ केलं, पैशांच्या खेळांचा कायदा आला. नियम दूर कुठेतरी ठरतायत आणि त्यात मांडवातल्या पोराचा आवाज नाही.

बघणाऱ्यांविषयीची पानं वाचताना जरा थांबावं. हिंगोलीतून माणसं कामासाठी पुण्याला, चाकणला, मुंबईला, ऊसतोडीला दूरच्या कारखान्यांवर जातात. गावच्या सप्ताहाला येणं प्रत्येकाला जमत नाही. रात्री अकराच्या पुढे पसायदान होतं, मांडव रिकामा होऊ लागतो, साऊंडवाला वायरी गुंडाळायला घेतो. ट्रायपॉडमागचा पोरगा लाईव्ह लगेच बंद करत नाही. तो फोन हातात घेऊन चॅट वर सरकवतो आणि ज्यांनी ‘राम कृष्ण हरी’ लिहिलं आहे त्यांची नावं, गावासकट, एकेक करून मोठ्याने वाचतो.